तानपुऱ्याशेजारची गुणगुण

साउंडकार्ड पारखायचं असेल तर तानपुरा लावून बघावा. ढोलताशांच्या दणदणाटात बरंच काही खपून जातं, तानपुऱ्यात काहीच खपत नाही. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झवर असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झच्या आसपास. पण कान भरून टाकणारा जो नाद आपण ऐकतो, तो या मूळ कंपनांचा कमी आणि जवारीमुळे उठणाऱ्या उपस्वरांचा जास्त. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा नेमक्या जागी आला की एकट्या खर्जातून उपस्वरांची रांगच्या रांग निघते. पाचवा उपस्वर ३४६ हर्ट्झवर, म्हणजे आपला स्वयंभू गंधार. शंभरावा जवळजवळ ७,००० हर्ट्झवर. तार छेडल्यावर हे सगळे उपस्वर एकदम विझत नाहीत. एकेक मागे पडत जातो आणि पुढची तार वाजेपर्यंत मागच्या तारेचं अगदी बारीक टोक हवेत राहतं. ते टोक शेवटपर्यंत ऐकू येतं की मध्येच एखाद्या खरखरीत बुडतं, यावरून कॉम्प्युटरच्या आवाजाची प्रत कळते.

संगीतासाठी चांगलं साउंडकार्ड म्हणजे ज्याला स्वतःचा आवाज नाही असं साउंडकार्ड. ही गोष्ट वीस-पंचवीस वर्षांपूर्वी महाग होती, आता स्वस्त झाली आहे. त्यामुळे आज निवड करताना खिशाइतकंच, किंबहुना जास्तच, लक्ष जोडणीकडे द्यावं लागतं: कुठला हेडफोन, कुठला ॲम्प्लिफायर, वीज कुठून येते, सॉफ्टवेअर मध्ये काय करतं. या प्रकरणाचा बराचसा भाग याच गोष्टींवर खर्च करणार आहे.

कॉम्प्युटरच्या दृष्टीने गाणं म्हणजे आकड्यांची माळ. सीडीच्या प्रतीच्या फाइलमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूसाठी दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा. दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट. या आकड्यांचं व्होल्टमध्ये रूपांतर करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. डॅकच्या पुढे एक छोटा ॲम्प्लिफायर असतो, तो हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देतो. डॅक, ॲम्प्लिफायर आणि त्या दोघांना मिळणारी वीज, एवढाच साउंडकार्डचा संसार. तो मदरबोर्डवर थाटलेला असतो, पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत बसवलेल्या वेगळ्या कार्डावर असतो किंवा यूएसबीला लावायच्या बोटभर डोंगलमध्येही असतो. साउंडकार्ड म्हणताना मी इथे हे तिन्ही धरतो आहे.

एक खुलासा मात्र आधीच करायला हवा. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर कॉम्प्युटरच्या साउंडकार्डाचा त्या आवाजाशी काही संबंध नाही. आकडे बिनतारी हेडफोनपर्यंत जातात आणि डॅक हेडफोनच्या आतच असतो. यूएसबीची वायर असलेल्या हेडफोनचंही तसंच. नवं कार्ड घेऊन अशा हेडफोनमध्ये फरक शोधणारी माणसं मी पाहिली आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण तेच पैसे चांगल्या हेडफोनला लावले असते तर पहिल्या मिनिटाला फरक कळला असता.

आता थोडा इतिहास, कारण साउंडकार्डांबद्दलचे आजचे बरेच समज त्यातूनच आले आहेत. १९८१च्या आयबीएम पीसीला एक बारका स्पीकर होता. त्याची वीज चालू किंवा बंद, यापलीकडे त्याला काही कळत नव्हतं. १९८७मध्ये कॅनडातल्या क्यूबेक शहराच्या ॲडलिब कंपनीने यामाहाची वायएम३८१२ ही चिप बसवलेलं कार्ड आणलं आणि गेमना संगीत मिळालं, पण ते चिपने जागच्या जागी घडवलेलं. १९८९मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने, म्हणजे सिम वाँग हू यांच्या कंपनीने, साउंड ब्लास्टर आणलं. ते रेकॉर्ड केलेला आवाजही वाजवायचं, मात्र ८ बिटांत आणि एकाच बाजूला. दर बिटामागे सहा डेसिबल असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे ८ बिटांत ४८ डेसिबल. तानपुऱ्याचं टोक तर सोडाच, त्यात आलापाचा अर्धा भाग खरखरीत गेला असता. १९९२चं साउंड ब्लास्टर १६ आलं तेव्हा कागदोपत्री सीडीची प्रत कॉम्प्युटरवर आली: १६ बिट, दोन्ही बाजू, ४४,१००.

कागदोपत्री म्हणण्याचं कारण पुढच्या काही वर्षांत दिसलं. सीडीचा ४४,१०० हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे व्हिडिओ टेप आहे. डिजिटल आवाज साठवायला सुरुवातीच्या काळात व्हिडिओ रेकॉर्डरच हाताशी होते. युरोपीय पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रं, प्रत्येकात वापरण्याजोग्या २९४ रेषा आणि दर रेषेत आवाजाचे ३ आकडे. गुणाकार करा, ४४,१०० येतात. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८०मध्ये सीडीचं मानक ठरवलं तेव्हा हाच आकडा कायम झाला. सिनेमा आणि डीव्हीडी मात्र ४८,००० या वेगाने गेले. साउंडकार्ड बनवणाऱ्यांपुढे दोन वेग आले आणि त्यांनी एकाला पाया मानलं. १९९८च्या साउंड ब्लास्टर लाइव्हमधली ईएमयू१०के१ ही चिप आतलं सगळं काम ४८,०००च्या वेगाने करायची. इंटेलने त्याच सुमारास मदरबोर्डांसाठी आणलेल्या एसी ९७ या मानकाचा पायाही ४८,०००च होता.

म्हणजे सीडीचं गाणं लावलं की दर १४७ आकड्यांमधून नवे १६० आकडे तयार करायचे. हे काम नीट केलं तर कानाला पत्ताही लागत नाही. पण नीट करायला बरीच आकडेमोड लागते आणि त्या काळच्या स्वस्त चिपांना ती झेपत नव्हती. घाईत केलेल्या या रूपांतरातून मूळ गाण्यात नसलेली कंपनं तयार होतात आणि ती मूळ स्वरांच्या पटीत नसतात. उपस्वर मूळ स्वराशी नातं सांगतो, ही भेसळ कुणाशीच नातं सांगत नाही. उंच पट्टीतल्या व्हायोलिनवर, सतारीच्या तरफांवर तिचा कचकचीतपणा जाणवायचा. म्हणूनच त्या काळी जाणते श्रोते गेमची कार्डं सोडून स्टुडिओसाठी बनवलेली, ४४,१००चा वेग जसाच्या तसा ठेवणारी कार्डं घरी आणायचे. एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ हे त्यातलं गाजलेलं नाव. त्यांचा आग्रह रास्त होता. क्रिएटिव्हने २००५मध्ये एक्स-फाय आणलं तेव्हा त्या चिपमध्ये ५ कोटी १० लाख ट्रान्झिस्टर होते आणि तिच्या ताकदीचा मोठा वाटा याच वेगबदलाच्या आकडेमोडीसाठी राखलेला होता.

त्यानंतर चित्र भराभर पालटलं. इंटेलने २००४मध्ये एचडी ऑडिओ हे नवं मानक आणलं, रिअलटेकसारख्या तैवानी कंपन्यांच्या चिपा सुधारत गेल्या आणि २००७मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने आवाजाची सगळी रचनाच बदलून मिसळण्याचं काम प्रोसेसरकडे दिलं. वेगळं कार्ड घ्यायचं जुनं कारण तिथे संपलं. आज मधल्या किमतीच्या मदरबोर्डवरही ४४,१०० आणि ४८,००० दोन्ही वेग नीट वाजतात. जुन्या अनुभवावरून 'मदरबोर्डचा आवाज म्हणजे टाकाऊ' असं अजूनही ऐकू येतं. मदरबोर्ड बघितल्याशिवाय हे आता म्हणता येत नाही.

डब्यावर छापलेल्या आकड्यांकडे वळू. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, आता तर ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ. यातला किलोहर्ट्झचा आकडा किती वरच्या कंपनांपर्यंत नोंद होऊ शकते ते सांगतो. नायक्विस्टने १९२८मध्ये आणि शॅननने १९४९मध्ये मांडलेल्या गणितानुसार ज्या वेगाने आकडे घेतले त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनं पूर्णपणे परत मिळवता येतात. अंदाजाने नव्हे, पूर्णपणे. ४४,१००चा निम्मा २२,०५०. तरुण, निरोगी कानाची हद्द २०,००० हर्ट्झ आणि वय वाढेल तशी ती खाली येते. बिटांचा आकडा सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातलं अंतर सांगतो: १६ बिटांत ९६ डेसिबल, २४ बिटांत गणिताने १४४. प्रत्यक्षात विजेच्या मंडलाची स्वतःची खरखर असते, त्यामुळे उत्तमातले उत्तम डॅकही २०-२१ बिटांपलीकडे काही देऊ शकत नाहीत. आणि ऐकण्याची जागा? रात्री पंखा बंद केलेल्या शांत खोलीतसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच.

यावर प्रयोगही झाले आहेत. बोस्टनच्या मेयर आणि मोरन यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च प्रतीच्या डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या १६ बिट, ४४,१००च्या चाळणीतून काढून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर उत्तर आलं. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं. २०१६मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांचे निकाल एकत्र केले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांचं त्याहून जास्त. म्हणजे फरक अजिबात नाही असं छातीठोक म्हणू नये, पण जो आहे तो इतका बारीक आहे की त्यासाठी कार्ड निवडू नये. रेकॉर्डिंग करणाऱ्याला २४ बिट हवेतच, कारण त्याला पातळी ठरवायला मोकळीक लागते. ऐकणाऱ्याचं १६ बिटांत भागतं.

आपल्याकडच्या रसिकाला तर हे जास्तच लागू आहे, कारण आपला मोठा ठेवा ७८च्या तबकड्यांवर आहे. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७मध्ये व्हॉएजर यानांबरोबर अवकाशात गेली; साडेतीन मिनिटांच्या आसपासचं ते गाणं. त्या काळच्या तबकडीत वरची कंपनं थोडीच उतरायची आणि सुईची खरखर गाण्याच्या फार मागे नसायची. तिची डिजिटल प्रत १९२ किलोहर्ट्झमध्ये केली तरी वरच्या रिकाम्या जागेत सुईच्या आवाजाखेरीज काही सापडणार नाही. केसरबाईंचा आवाज ज्या पट्ट्यात आहे तो पट्टा साधं कार्डसुद्धा पूर्ण वाजवतं. अशा वेळी चांगल्या तबकडीवरून, जाणत्या हाताने केलेली प्रत मिळवण्यात जो वेळ जाईल तो सत्कारणी लागेल.

आता ज्या आकड्यांकडे खरोखर बघायला हवं त्यांच्याकडे येऊ. पहिला आवाज आणि खरखर यांच्यातल्या अंतराचा, ज्याला एसएनआर म्हणतात. मदरबोर्डच्या जाहिरातीत १२० डेसिबल असं छापलेलं असतं, तो बहुतेक वेळा नुसत्या चिपचा आकडा असतो. चिप मदरबोर्डवर बसली, शेजारी ग्राफिक्स कार्ड आणि विजेची धडधड आली की प्रत्यक्ष आकडा खाली येतो. किती, ते त्या बोर्डाच्या रचनेवर. पण एवढ्यानेही निकाल लागत नाही. तीच खरखर कुठल्या हेडफोनमध्ये ऐकू येईल आणि कुठल्यात नाही, हा हिशेब वेगळा आहे. समजा, कार्ड जास्तीत जास्त २ व्होल्ट देतं आणि त्याचा एसएनआर १०० डेसिबल आहे. १०० डेसिबल म्हणजे व्होल्टच्या भाषेत एक लाख पट, म्हणजे खरखर २० मायक्रोव्होल्टची. १ व्होल्टला १०० डेसिबल आवाज देणारा मोठा हेडफोन लावला तर ही खरखर ६ डेसिबलवर येते आणि कुठल्याही खोलीत ऐकू येत नाही. त्याच कार्डाला १ व्होल्टला १२५ डेसिबल देणारा, कानात बसणारा संवेदनशील इअरफोन लावा. आता खरखर ३१ डेसिबलवर. रात्री दोन तारांच्या मधल्या शांततेत ती स्पष्ट ऐकू येणार. कार्ड तेच, एका श्रोत्याला निर्मळ आणि दुसऱ्याला खरखरीत. त्यामुळे कोणी एखाद्या कार्डाची शिफारस केली तर पहिला प्रश्न विचारावा: हेडफोन कुठला वापरता?

दुसरा आकडा आउटपुट इम्पीडन्सचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या विरोधाचा. हा डब्यावर क्वचितच छापतात आणि गोंधळ सगळ्यांत जास्त हाच घालतो. हेडफोनवर ३२ ओहम किंवा ३०० ओहम लिहिलेलं असतं, पण तो आकडा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. सेनहायझर एचडी ६००सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनचा विरोध खालच्या स्वरांत एका ठिकाणी ५००च्या वर जातो. कार्डाचा स्वतःचा विरोध १०० ओहम असेल तर जिथे हेडफोन ३०० आहे तिथे व्होल्टचा तीन चतुर्थांश भाग हेडफोनला मिळतो आणि जिथे ५०० आहे तिथे पाच षष्ठांश. फरक जवळजवळ १ डेसिबलचा. खर्ज किंचित फुगतो; काहींना ते आवडतंही. पण कानात बसणाऱ्या, अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनमध्ये हा विरोध ८ ओहमपासून ४० ओहमपर्यंत हेलकावे खात असेल आणि कार्डाचा विरोध १० ओहम असेल तर निरनिराळ्या स्वरांमध्ये ५ डेसिबलची तफावत पडते. पाच डेसिबल म्हणजे गायकाचा आवाजच बदलला. 'या कार्डावर माझा इअरफोन वेगळा वाजतो' असं कोणी म्हणतं तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा कारण हेच असतं आणि श्रेय किंवा दोष मात्र डॅकच्या चिपला मिळतो. ढोबळ नियम असा की कार्डाचा विरोध हेडफोनच्या विरोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. १६ ओहमचा इअरफोन असेल तर २ ओहमच्या आत.

जोराचा प्रश्न मग सरळ होतो. ३०० किंवा ६०० ओहमच्या हेडफोनला व्होल्ट जास्त लागतात, कमी ओहमच्या मोठ्या हेडफोनला प्रवाह जास्त लागतो आणि कानात बसणाऱ्या इअरफोनला दोन्ही अगदी थोडे. ॲपलचं यूएसबी-सी डोंगल साधारण १ व्होल्ट देतं, युरोपात विकलं जाणारं त्याच्या निम्मं. इअरफोनला आणि बहुतेक ३२ ओहमच्या हेडफोनना ते पुरतं. मोजमापात त्याचा आवाज निर्मळ निघालेला आहे. ३०० ओहमवर मात्र हळू आवाजात रेकॉर्ड केलेला आलाप ऐकताना पातळी शेवटपर्यंत न्यावी लागेल आणि तरी समाधान होणार नाही. तिथे २ व्होल्ट किंवा जास्त देणारं बाहेरचं यूएसबी डॅक-ॲम्प्लिफायर घ्यावं. आसुसने २००९मध्ये झोनार एसेन्स एसटीएक्स हे ६०० ओहमपर्यंतच्या हेडफोनसाठी ॲम्प्लिफायर असलेलं कार्ड आणलं होतं. आज त्याच्या जागी यूएसबीची पेटी आली आहे आणि ती लॅपटॉपलाही चालते.

कॉम्प्युटरच्या डब्याबाहेर पडण्याचा फायदा आहेच. कॉम्प्युटरच्या पोटात विजेचा सतत गलका असतो. तो ऐकायचा असेल तर एक सोपा प्रयोग करा. हेडफोन कानाला लावा, पातळी नेहमी ऐकता तेवढीच ठेवा, गाणं थांबवा. आता माउस गोल फिरवा, एखादं लांबलचक पान वरखाली सरकवा, मोठी फाइल एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करा. सगळं शांत राहिलं तर तुमच्या कार्डात काही खोट नाही, नव्याच्या मागे लागू नका. माउसबरोबर बारीक किरकिर ऐकू आली तर आतला गलका आवाजाच्या वाटेत शिरतो आहे. डेस्कटॉपवर हेडफोन पुढच्या जॅकला लावला असेल तर मागच्या हिरव्या जॅकला लावून पुन्हा ऐका. पुढच्या जॅकपर्यंत येणारी वायर डब्याच्या आतून ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून येते आणि पुष्कळदा गुन्हेगार तीच असते. एवढ्यानेही किरकिर गेली नाही, तर हजार-दोन हजार रुपयांचं यूएसबी डोंगल हा त्यावरचा सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

माउसची किरकिर वेगळी आणि खालून येणारी घुम्म अशी गुणगुण वेगळी. ही गुणगुण हेडफोनमध्ये सहसा नसते. कॉम्प्युटर ॲम्प्लिफायरला किंवा वीज लागणाऱ्या स्पीकरला जोडला की सुरू होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर येते. काळी एकच्या तानपुऱ्याशेजारी हे १०० हर्ट्झ ठेवून बघा: खर्ज ६९.३ला, त्याचा पंचम १०४ला, तीव्र मध्यम ९८च्या आसपास. १०० हर्ट्झची गुणगुण तीव्र मध्यमापेक्षा चढी आणि पंचमापेक्षा उतरलेली, कुठल्याच रागात न बसणारी. पंचमात लावलेल्या तानपुऱ्याशेजारी कोणी उतरलेला पंचम अखंड धरून बसलं तर गाणाऱ्याचं जे होईल तेच ऐकणाऱ्याचं होतं. कारण कळत नाही, पण मैफल रंगत नाही. बंदिशीच्या भरात ही गुणगुण लपते, विलंबित आलापात ती उघडी पडते.

कारण बहुधा अर्थिंगमध्ये असतं. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डात, ॲम्प्लिफायर दुसऱ्या, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक. तो फरक आवाजाच्या वायरच्या जाळीतून वाहू लागतो. दोन पिनांच्या चार्जरमध्ये तर अर्थिंगच नसतं, लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या जाणवतात त्या त्यामुळेच. चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गुणगुण थांबली तर निदान पक्कं झालं. मग सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, तीन पिनांच्या आणि नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवर आणा. तरीही राहिली तर कार्ड आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल घाला. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे गुणगुणीला वाटच उरत नाही. काही जण ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला देतात. तो कधीही मानू नका. त्या पिनेवर घरातल्या माणसांचा जीव अवलंबून आहे, गाणं नव्हे.

कार्ड चांगलं, जोडणी चांगली, तरी आवाज बिघडवायला सॉफ्टवेअर पुरेसं आहे. लॅपटॉप विकत घेतल्यावर त्यात 'सिनेमा', 'सराउंड', 'बास बूस्ट' अशी सुधारणा आधीच चालू असते. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरसाठी ती योजलेली असते आणि चांगल्या हेडफोनवर ती गायकाला एखाद्या रिकाम्या हॉलच्या कोपऱ्यात नेऊन बसवते. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या वाटेने आपल्या उपकरणावर जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं ॲप असेल तर त्यातही. तिथेच फॉरमॅट दिसतो. संग्रह मुख्यतः सीडीचा असेल तर २४ बिट, ४४,१०० ठेवावा, सिनेमे आणि यूट्यूब जास्त असेल तर ४८,०००. २४ बिट ठेवण्याचं कारण इतकंच की पडद्यावरच्या पट्टीने आवाज कमी केला की दर सहा डेसिबलला एक बिट खर्ची पडतो, आणि २४मधले चार-पाच गेले तरी काही बिघडत नाही. मॅकवर हेच काम ऑडिओ मिडी सेटअप या ॲपमध्ये होतं. विंडोजवर फूबार२०००सारख्या प्लेअरला वासापी एक्सक्लुझिव्ह लावलं तर फाइल ज्या वेगाची असेल त्या वेगाने थेट कार्डापर्यंत जाते आणि मध्ये मेसेजची टिंगटिंगही येत नाही. मला यातला दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

जिटर या शब्दाने बरेच लोक घाबरतात आणि त्यावर बरीच विक्री चालते. आकडे ठरलेल्या क्षणापेक्षा किंचित मागेपुढे आले तर आवाज बिघडतो, हे खरं आहे. पण २००५मध्ये जपानी संशोधकांनी मोजलं तेव्हा संगीतातला असा बिघाड कळायला शेकडो नॅनोसेकंदांची मागेपुढे हालचाल लागली. साध्या डॅकमध्येही ती आज एका नॅनोसेकंदाच्या आसपास किंवा खूप खाली असते. महागड्या यूएसबी केबलबद्दल तर मी एवढंच सांगेन की ती घेऊ नका.

दोन कार्डांमधला फरक स्वतःच्या कानाने ठरवायचा असेल तर एक पथ्य पाळायलाच हवं: दोन्हींची पातळी तंतोतंत सारखी करायची. अर्धा डेसिबल मोठा वाजणारा आवाज मोठा वाटत नाही. तो जास्त भरीव, जास्त मोकळा, जास्त जवळचा वाटतो, आणि दुकानात याच जोरावर निवड होते. साध्या मल्टिमीटरने हे जमतं. १०० हर्ट्झचा स्थिर स्वर दोन्ही कार्डांवर वाजवा, हेडफोन जोडलेला ठेवून त्याच्या टोकांवरचे व्होल्ट एसी पट्टीवर मोजा आणि ते जुळेपर्यंत पातळी हलवा. मग घरातल्या कोणाला तरी वायर बदलायला सांगा. कुठलं कार्ड लावलं ते तुम्हाला दिसू नये. सोळा वेळा ऐका. बारा किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलं तर फरक खरा मानायला हरकत नाही. नुसत्या योगायोगाने असं व्हायची शक्यता शंभरात चारहून कमी. हे काम कंटाळवाणं आहे, पण वीस हजार रुपयांच्या खरेदीआधी एक रविवार द्यावा इतकं मोलाचंही आहे.

खरेदीचं म्हणाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हिंडताना हेडफोन बरोबर न्यावा आणि शक्य असेल तिथे लॅपटॉपही. दुकानातल्या गोंगाटात खरखर कळणार नाही, पण पातळी पुरते की नाही ते कळेल. सगळ्यांत हळू रेकॉर्ड झालेला एखादा आलाप लावा; पट्टी तीन चतुर्थांशाच्या आत राहून आवाज पुरेसा होत असेल तर जोर भरपूर आहे. खरखर तपासायला घर आणि रात्र लागते, म्हणून परत करण्याची मुदत किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्यावं. एकूण पैशांची वाटणी विचाराल तर दहा हजारांतले आठ हजार हेडफोनला द्यावेत, कारण दोन हेडफोनांतला फरक कित्येक डेसिबलचा असतो आणि दोन नीट बांधलेल्या कार्डांमधला मोजायलासुद्धा उपकरण लागतं. उरलेल्या दोन हजारांत डोंगल येतं. ३०० ओहमचा हेडफोन असेल तर ही वाटणी थोडी हलेल. स्पीकरवर ऐकणाऱ्यांचं गणित खोलीपासून सुरू होतं, ते पुढच्या प्रकरणात.